मोटारीची खांदशेकणी

भातकुलीच्या खुशालराव पाटलांनी मोटार घेतली ती चालवण्यासाठी नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. ती त्यांनी सूर्यभान पाटलाला दाखवण्यासाठी घेतली. अमरावतीच्या कॅम्पातला एक गोरा साहेब बदलून चालला होता. त्याची ही दोन माणसांची, उघडी, तांबडी, शर्यतीची मोटार. इतकी बुटकी की शेजारून गाढव गेलं तर खुशालराव मान वर करून त्याच्याकडे बघत. सव्वाशे एकर काळ्या जमिनीच्या धन्याला गाढवाकडे वर बघायचं असेल तर विलायती मोटारच घ्यावी लागते. बैलबंडीत ही सोय नाही.

मी, सहदेव, त्या मोटारीचा ड्रायव्हर. मोटार खुशालराव चालवत. चुका तेवढ्या माझ्या होत.

माझे मामा नत्थुजी अकोल्याला कापसाच्या एका जिनात इंजिनावर होते. त्यांच्या हाताखाली मी चार वर्षं काढली होती. मोटार आली तेव्हा मामा मुद्दाम अकोल्याहून आले, तिच्याभोवती एक चक्कर मारली, आणि खुशालरावांना समजावू लागले. हे काम त्यांनी जिनातल्या इंजिनाला समजावलं असतं तर निदान त्याने ऐकलं असतं.

"मालक, लोखंड गरम नाई करा लागत, तेल गरम करा लागते," मामा म्हणाले. "मोटार उभी राह्यली की तेल खाली बसते. सुरू केली की मिनिटभर तशीच बोलू द्या. तेलाचा काटा वर आला की निघा, पण पयले दोन-तीन मैल बाळंतीण चालते तशी चालवा. मंग उधळा किती उधळता ते. आन् घंटाभर उभ्याउभ्या भडभडत ठेवूनयी काई फायदा नाई, नुसतं पेट्रोल पिते."

खुशालरावांनी हे सगळं सुपारी कातरत ऐकलं आणि म्हणाले, "नत्थुजी, तुमी मले गरम करनं शिकवून राहिले? सतरा वर्सं मानाची जोडी माह्या दावणीची हाये, तिचे खांदे मीच शेकतो."

ते खरं होतं. आमच्याकडे पोळ्याला गावाबाहेर आखरावर दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आणि गावच्या सगळ्या जोड्या त्यापुढे रांगेत उभ्या राहतात. पहिली जोडी मानाच्या घरची. तिने तोरण तोडलं की मगच पोळा फुटतो. इशारा झाल्यावर वाजंत्र्याने डफाचे तीन फेरे वाजवेपर्यंत मानाची जोडी हलली नाही, तर मागची जोडी पुढे जाते आणि मान कायमचा त्या घरी जातो. मागची जोडी सूर्यभान पाटलाची. खुशालरावांचे बैल म्हातारे झाले होते. गेल्या पोळ्याला त्यांनी दोन फेरे उभ्याउभ्या ऐकले होते आणि तिसऱ्याला, केवळ जुन्या ओळखीखातर, पाऊल उचललं होतं. आजोबांपासूनचा मान यंदा जाणार, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

दुसरी चांगली जोडी विकत घ्यावी, हा विचार कोणत्याही बैलाला सुचला असता. खुशालरावांना सुचली मोटार.

पंच होते वामनराव. मानाचा बैल म्हणून मोटार चालते का, हा प्रश्न त्यांच्यापुढे आला, आणि त्यांनी एक अख्खी दुपार त्यावर डोळे मिटून विचार केला. शेवटी त्यांनी सांगितलं, की बैलाला पाय असावेत असं रीतीत कुठेच नाही. शिंगं मात्र पाहिजेत, कारण तोरण शिंगाने किंवा डोक्याने तुटलं पाहिजे. आणि ज्याच्या डोक्याने तुटेल, पुढल्या वर्षीचं आवतन त्याला. म्हणून मोटारीच्या दोन्ही दिव्यांवर बांबूची उंच शिंगं बांधली, त्यांना बेगड लावली, आणि माझ्यासारखा चार वर्षं इंजिनावर काढलेला माणूस शिंगांना सुतळी आवळत बसला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. बैलाचे खांदे तूप-हळद लावून पळसाच्या पानांनी शेकायचे, आणि पंचाने त्याला जेवणाचं आवतन द्यायचं. वर्षभर जू ओढलेल्या खांद्याला शेक मिळतो. रीत शहाणी आहे. खुशालरावांनी ती मोटारीवर केली. तूप कोमट करून आणलं, पानाने बोनेटवर चोळलं, मग चारही चाकांवरची पाखं शेकली. पार्वताबाई, म्हणजे पाटलीणबाई, तुपाची वाटी धरून उभ्या होत्या, आणि ते घरचं लोणकढं तूप पत्र्यावरून ओघळताना बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लिहीत नाही. वामनराव पुढे झाले आणि मोटारीच्या दिव्यात बघून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मोटार काही बोलली नाही. तिथे जमलेल्यांत तेवढीच एक शहाणी होती.

मी खुशालरावांना सांगितलं की मोटार आठ दिवस उभी आहे, उद्या तोरणाआधी तिला बोरगावच्या नाल्यापर्यंत हळू फिरवून आणू द्या. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी गोहत्येचा बेत सांगत होतो.

"पोयाच्या दिवशी बैलाले काम सांगतेत का बे?"

मी म्हटलं, मालक, निदान जागेवर मिनिटभर चालू करतो. तर ते म्हणाले, चालू करणं म्हणजे कामच. आणि गरम तर ती आत्ताच झाली, हात लावून बघ. मी हात लावला. तुपाचा वास आला.

तर पोळ्याच्या दिवशी मोटार पाठीवर झूल, दिव्यांना घुंगरमाळा आणि पुढच्या जाळीवर झेंडूचा हार, अशा थाटात आखरावर गेली, आणि गेली ती ढकलत. चार सालदार गड्यांनी पाऊण मैल ढकलली. काळी माती पावसाने फुगली होती. लग्नाच्या पंगतीत व्याही ताटाला धरतो तशी ती चाकाला धरत होती. सालदारांनी तोरणापुढे मोटार उभी केली आणि सांगितलं की आता आमचीही सुट्टी, आणि ते जाऊन सावलीला बसले.

मागे सूर्यभान पाटील आपली जोडी घेऊन उभा होता. बैल असे की नंदी बघायला आला असता. त्यांनी मोटारीच्या मागच्या पत्र्याचा वास घेतला, त्यांना तूप आवडलं, आणि ते तो चाटू लागले.

वामनरावांनी हात वर केला. डफ सुरू झाला. खुशालरावांनी फेटा घट्ट केला, मोटार चालू केली, आणि मी तेलाच्या काट्याकडे बोट दाखवून तोंड उघडतो न उघडतो तोच त्यांनी पायाखालचा पेट्रोलचा दट्ट्या पार तळापर्यंत दाबला. सूर्यभानाच्या बैलांनी उधळावं, हा हेतू. मोटार ओरडली. अख्ख्या भातकुलीने कान झाकले. बैल चाटत राहिले. आठ दिवसांचं थिजलेलं तेल खाली आणि खुशालरावांची इज्जत वर, यांच्यामध्ये जे काही लोखंड होतं त्याने दहा श्वास दम धरला. मग आतून 'खाड' असा आवाज झाला आणि सगळं शांत झालं. डफ तेवढा वाजत होता. पहिला फेरा संपला.

"काय झालं?" खुशालरावांनी विचारलं.

"मेली," मी म्हणालो.

मागून ढकलावी तर मागे सूर्यभानाचे बैल, त्यांची शिंगं हातभरावर, आणि तूप अजून शिल्लक होतं. सालदार सावलीतून लांबच्या ढगांकडे बघत होते. घरची म्हातारी जोडी पाऊण मैलावर, आणि तिला कोणी न्हाऊ घातलं नव्हतं की रंगवलं नव्हतं. खुशालराव उतरले, वळले, आणि ज्याच्याकडे वीस वर्षांत काही मागितलं नव्हतं त्या सूर्यभानाकडे बैल मागितले. मोटार फक्त तोरणापर्यंत ओढायची होती. हे मागताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की तो मला आधी झुलीच्या घुंगरांचा वाटला.

सूर्यभान सावकाश पान चघळत होता. म्हणाला, "पोयाले बैल जुपत नाई, खुशालराव. तुमीच तं रीत सांगता साऱ्याइले. मानूस जुपला तं पाप नाई लागत."

दुसरा फेरा संपला.

मला वाटलं होतं, ते घरी जातील. पण आजोबांचा मान होता. खुशालरावांनी झुलीखालून कासरा काढला, मोटारीला बांधला, एक टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि दुसरं माझ्याकडे फेकलं. जोडी व्हायला दोन लागतात. गावातल्या कोणीतरी लगेच झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, जोडली:

"बैल हाये दावणीले,
धनी जुपला मोटरीले!"

आणि चारशे माणसांनी महादेवाचा जयजयकार केला.

"मालक," मी म्हटलं, "एकदम नका ओढू. आधी हयूहयू. आंग गरम होऊ द्या."

"मले शिकवू नको."

खुशालरावांनी आयुष्यात विहिरीतून एक बादली ओढलेली नव्हती. त्यांनी मान खाली घातली आणि एकदम, पार तळापर्यंत दाबल्यासारखी, मुसंडी मारली. मोटार हलली, हे मान्य केलंच पाहिजे. दोन हात, चार हात. मग त्यांच्या कमरेतून आवाज आला. 'खाड'. हा आवाज मी त्याच दिवशी एकदा ऐकला होता, म्हणून मला काट्याकडे बघायची गरज पडली नाही. ते तसेच वाकलेले पुढे फेकले गेले, फेटा तोरणात अडकला, आणि तिसऱ्या फेऱ्याच्या शेवटच्या थापेवर तोरण तुटून त्यांच्या मानेवर हारासारखं पडलं.

वामनरावांनी डोळे मिटून विचार केला आणि निकाल दिला, की तोरण डोक्याने तुटलं आहे, मान खुशालरावांचाच. सूर्यभानाने हरकत घेतली नाही. हसून हसून तो बोलण्याच्या स्थितीतच नव्हता. त्याला खाली बसवून पाणी पाजत होते.

आम्ही खुशालरावांना त्यांच्याच झुलीत घालून घरी नेलं. दारात पार्वताबाई ताट घेऊन उभ्या होत्या. आखरावरची हकीकत त्यांच्यापर्यंत आमच्या आधी पोचली होती. तोरण तोडून आलेल्या बैलाची रीत त्यांनी सोडली नाही: नवऱ्याच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, तोंडापुढे पुरणपोळी धरली. मग आत जाऊन तुपाची वाटी, हळद आणि पळसाची पानं घेऊन आल्या.

"अवो, पालथे व्हा," त्या म्हणाल्या. "हे काल करा लागत होतं."

मोटार आखरावरच राहिली. अकोल्याहून मामा येऊन बघून गेले आणि म्हणाले की आतलं सगळं गेलं, शिंगं तेवढी चांगली आहेत. खुशालराव दिवाळीला सरळ उभे राहिले, आणि पोळ्याचं नाव घरात काढायचं नाही असं त्यांनी सगळ्यांना बजावलं.

पुढल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वामनराव रीतीप्रमाणे मानाच्या बैलाला आवतन द्यायला आले. गोठ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. ते सरळ खुशालराव बसले होते त्या ओसरीवर आले.