मसाल्याच्या बरणीची बहीण

मित्रांनो, मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे. पण घराणे सांगितल्यावाचून स्वतःविषयी बोलणे मला शोभत नाही. माहुलच्या कोळीवाड्यातील या एकाच घरात माझ्यापूर्वी तीन पिढ्या नांदल्या. पणजी मातीची कुंडी, तिच्या पोटात मिठाचे खडे. आजी दगडी कुंडी, तिच्यात होडीला चोपडायचे माशाचे तेल. आई पिवळ्या झिलईची बरणी, तिच्यात वर्षाची चिंच. तिघींनीही अखेरपर्यंत अंगाला चीर पडू दिली नाही.

मी आणि माझी जुळी बहीण कुर्ल्याच्या बाजारातून एकाच हातगाडीवरून आलो. वाटेत गाडी खड्ड्यात आदळली आणि लोखंडी वजन घरंगळत माझ्या रोखाने आले. मध्ये बहीण होती. टक् असा आवाज झाला, एवढेच मला ठाऊक.

घरी पोचताच मालकीण सखुबाईने दोघींना उन्हात धरून निरखले. बहिणीला वर्षाचा मसाला मिळाला, स्वयंपाकघरातील फळी मिळाली, सणावाराला हळदीकुंकू मिळाले. मला सखुबाईचा मुलगा धर्मा मागच्या पडवीत घेऊन गेला. माझ्या पोटात काय भरले, ते सांगते. नाक मुरडू नका, सरळ बसून ऐका.

सुकी मासळी म्हणजे या घराचे पावसाळ्याचे चार महिने. ती जिथे साठवतात, तिथे घूस येणारच. धर्माचे मामा हरेश्वर ट्रॉम्बेच्या डोंगराखाली राहत. त्यांनी त्याला एक विद्या शिकवली होती. पकडलेल्या नर घुशीच्या ओटीपोटाच्या कातडीखाली वासाच्या दोन लहान गाठी असतात. धर्मा त्या बारीक चिरून मिठात मुरवी, वर माशाचे तेल आणि ग्लिसरीन ओती, माझ्या तोंडाला फडके बांधून झाकण मेणाने बंद करी. चाळीस दिवस मी सावलीत बसायचे. मग कोंबडीच्या पिसाच्या टोकाने एकच थेंब पिंजऱ्याच्या आतल्या टोकाला, की त्या वासाच्या ओढीने दुसरी घूस आत शिरे. दोन थेंब लावले की घूस बिचकून माघारी फिरते.

माझ्या थेंबाने अकरा घुशी धरल्या. शाबासकी कोणाला? पिंजऱ्याला! "काय झकास पिंजरा हाय!" असे शेजारीण मालन म्हणे आणि माझ्यावरून जाताना तोंडाला पदर लावी. घरात पाहुणा आला की बहिणीचे झाकण उघडे आणि "वा!" असा उद्गार माझ्यापर्यंत पडवीत येई. माझ्या अंगाची आग होई. एकाच भट्टीतल्या आम्ही. तिला सुगंध आणि मला दुर्गंध?

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात एक थोराड घूस आली. धर्मा त्या वेळी होडीवर, आठवडाभर खोल पाण्यात. घुशीने सुकटीच्या दोन गोण्या फोडल्या आणि स्वयंपाकघराच्या भिंतीखाली बीळ काढले. फळीची खुंटी हलली. बहीण रोज बोटभर पुढे सरकू लागली.

खरे सांगते, मला आनंद झाला. पडू दे, म्हटले.

धर्माची बायको मथुरा माझ्याकडे येऊ लागली, तेव्हा सखुबाईने तिला अडवले. "ती घाण घरात आणलीस तर माझ्याशी गाठ हाय! मीच धरते बघ." तिने बोंबलाला मसाला चोळला, तळला आणि पिंजऱ्यात टांगला. तीन दिवस गेले. बोंबील वाळून काठी झाला.

"आये, जिच्या उशाला सुकटीची रास, ती तुझ्या एका तुकड्यासाठी तुरुंगात जाईल काय?" मथुरा म्हणाली.

"लई शानी झालीस गो!" सखुबाई म्हणाली, पण तिला हसू आवरले नाही. मग हलकेच म्हणाली, "धर्म्याच्या त्या बरणीत उरलंय काय?"

"तळाशी हाय. आजच लावू, ही फळीवरची बरणी पडली तर वर्षाचा मसाला जाईल ना."

"तिला आधीच तडा हाय. गाडीवर वजन लागलं तवाचा. म्हणून तर सुका माल तिच्यात घातला. ओला माल, वासाचा माल, अखंड भांड्यातच राहतो. ही मागची पोर अखंड निघाली."

मित्रांनो, ते वजन माझ्या रोखाने आले होते. मी अखंड होते, कारण बहीण मध्ये उभी होती. आणि मी अखंड होते, म्हणूनच हे काम माझ्याकडे आले. मत्सरात मी किती वेळा मनात आणले होते की मेण सुटावे, वास उडून जावा आणि धर्मा फसावा! त्या दुपारी ऊन भाजत होते. तळाशी उरलेला तो बोटभर वास मी गच्च धरून ठेवला.

दिवेलागणीपूर्वी मथुराने पिंजरा चिखलाच्या पाण्याने धुतला, साबण लावला नाही, त्याच्या वासाने घूस बिचकते. पिसाचे टोक माझ्यात बुडवले. एक थेंब. उजाडता उजाडता खटका पडला. त्याच सकाळी बीळ दगड-मातीने बुजले आणि खुंटी नव्याने ठोकली गेली.

सखुबाईने मला उचलले, पदराने पुसले आणि फळीवर बहिणीशेजारी ठेवले. मालन दारातून ओरडली, "अगो सखू, वास सुटेल ना!"

"सुटायचा नाय," सखुबाई म्हणाली. "आमच्या घरची हाय ती."

मुलांनो, भांडे वासावरून जोखू नका. काम झाले की ते पुसून, झाकून, सावलीत ठेवा. आणि जे मागच्या पडवीत बसते, त्याला तिथे का बसवले, ते एकदा विचारा.

बहिणीचा तडा माझ्याच बाजूला वळलेला होता. तो मी प्रथमच जवळून पाहिला, केसासारखा, गळ्यापासून तळापर्यंत. मी तिला टेकून बसले. हातगाडीवरचे ते देणे त्या सकाळी पुरते फिटले.