देवाचं तळं

"सर, वर तळ्यापाशी पाळी आली तर काय करायचं?"

हेमांगीनं उभं राहून विचारलं आणि शाळेच्या हॉलमधल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. वर पोचल्यावर बर्फाचा पहिला गोळा कोण फेकणार याची मघाशी तिच्याशी पैज लावणारी तिची मैत्रीण गायत्री आता बाकाखाली तोंड लपवत होती.

हिमाचलच्या ट्रेकची ही पालकसभा. मेअखेरीस बर्फ वितळतं, दुपारी ओढे फुगतात, म्हणून ते सकाळीच ओलांडायचे, असं वैद्य सर मघाशीच रंगवून सांगत होते. आता त्यांचा चेहरा कडू झाला.

"तळं देवाचं आहे. अशा मुलींनी ओढ्याअलीकडच्या तंबूत थांबायचं."

"एकटीनं? आणि दुपारी ओढा फुगला तर तुम्ही आमच्याकडे परत कसे येणार?"

"खाली बस!"

सभा संपल्यावर आई-पप्पांच्या मधे बसून हेमांगी स्कूटरवरून उधन्याच्या घरी आली. घरात पाऊल टाकताच आई कडाडली, "चारचौघांत लाज काढलीस! त्या तळ्याला विटाळ करायला निघालीस का?" आणि तिनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. पूजाअर्चेत अडचण नको म्हणून हेमांगीच्या पाळीच्या येणाऱ्या तारखांना आई तिथं लाल गोल करायची. मेच्या शेवटच्या आठवड्यात गोल होताच.

"उद्याच नाव काढून टाकतो," पप्पा म्हणाले.

हेमांगीनं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं आणि गुंडाळून काखेत मारलं.

"नाव राहील, पप्पा. मी जाणार, पार तळ्यापर्यंत जाणार. आणि आई, माझी तारीख यापुढे तुलासुद्धा कळणार नाही."