तिसुंगेला येत नाही

नामिलांबेच्या शाळेत त्या शनिवारी न येण्याची तालीम चालली होती. बाहेर थंडीतल्या चिपेरोनी वाऱ्याचा गार भुरभुर पाऊस, झोम्बाचा डोंगर ढगात गडप, आणि संगणकाच्या खोलीत सातवी-आठवीची पोरं दाटीवाटीने बसलेली. हेडमास्तर काचिंग्वे सर, ज्यांच्या आवाजाने एरवी कोंबड्यासुद्धा आवार सोडून पळतात, ते त्या दिवशी अगदी गोडीगुलाबीने शिकवत होते.

"तसा नाही रे, माऊस इतका उलटा नाही धरायचा! नाटक वाटतं. आधी नुसतं बघायचं. मग एका बोटाने हळूच हात लावायचा, चावेल की काय असा. हां, शाबास!"

पोरं खिदळत होती. एकाने पडद्याच्या मागे डोकावून तिथे मासा आहे का ते पाहिलं.

"हे झकास आहे," सर खूश होऊन म्हणाले. "हे सोमवारी नक्की कर."

सोमवारी पाहुणे यायचे होते. परदेशातल्या एका मोठ्या कंपनीतली माणसं दरवर्षी जुलैमध्ये आठवडाभर येतात, आमच्या मुलांना संगणकाची भाषा शिकवतात, फोटो काढतात, रडतात आणि परत जातात. माणसं वाईट नव्हेत. आपली सुट्टी खर्च करून येतात, पोरांची नाकंसुद्धा पुसतात. पण त्यांचा धडा दरवर्षी तोच. पडद्यावर एक मासा असतो, आज्ञांचे ठोकळे एकाखाली एक जोडायचे आणि त्याला पोहायला लावायचं. आमच्या पोरांना तो मासा झोपेतही पोहवता येतो.

तरी येत नाही असं दाखवायचं, हा रिवाज पडला त्याला कारण आहे. एका वर्षी पोरांनी भोळेपणाने येत होतं ते सगळं करून दाखवलं. पाहुण्यांचे चेहरे पडले. दोन दिवस ते झाडाखाली बसून राहिले आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत गेले. त्या वर्षी कंपनीच्या पैशावर चालणारी शाळेतली सोयाच्या पिठाची पेज बंद झाली आणि पहिलीतली पोरं दुपारी बाकावरच झोपू लागली. काचिंग्वे सर पाहुण्यांच्या हातापाया पडून आले आणि तेव्हापासून नामिलांबेत दर जुलैला कोणालाच काही येत नाही. आम्ही गावकऱ्यांनी यात कधी वावगं पाहिलं नाही. उलट कोणाचं पोरगं जास्त बावळट दिसलं यावर चावडीत हसायचो.

शिवाय एक आमिष होतं. आठवडाभरात जिने सगळ्यात जास्त प्रगती केली, अशा आठवीतल्या एका मुलीला कंपनी लिलोंग्वेच्या निवासी शाळेत पाठवायची. चार वर्षं राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं त्यांचं. आमच्याकडे आठवीनंतर मुलीचं काय होतं ते सांगायला नको. ती जागा मिळाली नाही तर वर्ष-दोन वर्षांत पाठीवर पोर.

आणि यंदा तिसुंगे आठवीत होती.

तिसुंगे ही लास्टन म्पोन्डा मास्तरांची मुलगी. संगणकाच्या खोलीची किल्ली लास्टन मास्तरांकडे असायची. पाहुणे गेले की बाकी वर्षभर पोरांना खरोखर शिकवायचे ते हेच. त्यांच्या लेकीने तर कमालच केली होती. आमची म्हातारी माणसं अंजिराच्या झाडाखाली लाकडी पाटावर बिया मांडून बावो खेळतात, तो अख्खा खेळ तिने संगणकात उतरवला होता. संगणक बिया वाटायचा, पुढच्या चाली मोजायचा आणि भल्याभल्यांना हरवायचा. सैदी आजोबा हरले तेव्हा यंत्रालाच शिव्या देऊन उठले होते.

रविवारी दुपारी मक्याच्या पिठाची न्सिमा आणि वाळक्या उसिपा माशांचं कालवण पुढ्यात घेऊन तिघं जेवत होती. तिसुंगे गोळा मळत नुसतीच बसली होती.

"बाबा, मला ते उलटा माऊस धरणं नको वाटतं. लाज वाटते."

लास्टननी कालवणाची वाटी तिच्याकडे सरकवली. एनिफाच बोलली. एनिफा म्हणजे तिसुंगेची आई, शाळेत पेज शिजवायची.

"लाज कसली गं? सातवीत असताना लग्न लावून दिलं माझं. मी खरोखरच काही न येता आयुष्य काढलंय. तुला पाच दिवस निघत नाहीत?"

"पण आई, ते आपल्याला येडं समजतात."

"समजू देत. त्यांच्या समजण्याने तुझं डोकं झिजतंय का? गप जेव."

सोमवार नाचगाण्यात गेला. मंगळवारी घोटाळा झाला.

टोबियस नावाचा एक तरुण पाहुणा मुलांना मासा करून दाखवत होता आणि त्याचा मासा पडद्याच्या काठाला गेला की दिसेनासाच व्हायचा. पुन्हा केलं, पुन्हा गेला. बिचारा घामाघूम झाला. शेजारी तिसुंगे बसलेली. तिला राहवलं नाही. तिने हात पुढे केला, एक ठोकळा काढून दुसऱ्या जागी लावला आणि मासा काठाला टेकून झोकात मागे फिरला.

"अरे वा!" टोबियस खुर्चीतून उडालाच. त्याला मनापासून आनंद झाला होता. "हे कसं कळलं तुला?"

दारात काचिंग्वे सर खाकरले. लास्टन मास्तर मुलांना पाहुण्यांचं इंग्रजी समजावून द्यायला मध्ये उभे होते. त्यांनी सरांकडे पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं,

"चुकून हात लागला, साहेब. ही पोर जरा मंद आहे. डोकं चालत नाही तिचं."

हे ते इंग्रजीत बोलले. पण तिसुंगेला इंग्रजी येत होतं. त्यांनीच शिकवलं होतं. तिने एकवार बापाकडे पाहिलं आणि हात मांडीवर घेतला.

पुढचं आणखी वाईट. पाहुण्यांच्या पुढारी कॅरोलिनबाई मागे उभ्या होत्या. 'मंद' हा शब्द ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या तिसुंगेजवळ गुडघे टेकून बसल्या, तिचे केस कुरवाळले आणि त्या क्षणापासून कॅमेरा तिच्या मागे लागला. ती पेज पिताना, वर्ग झाडताना, खिडकीतून बघताना. घरी परतल्यावर कंपनीत दाखवायला त्यांना हवी होती तशी गोष्ट सापडली होती.

काचिंग्वे सरांनी लास्टनना बाजूला ओढलं. "म्पोन्डा, नशीब उघडलं तुझ्या पोरीचं! मला हे सुचलं नसतं. आता तिला गुरुवारपर्यंत काही करू देऊ नकोस. शुक्रवारी सगळ्या गावासमोर मासा पोहवायचा. जागा तिचीच, लिहून ठेव."

लास्टन हसले. त्या हसण्याची त्यांना पुढे किती लाज वाटली असेल ते त्यांनाच ठाऊक.

त्या संध्याकाळी एनिफाने विचारलं, "उद्या दोन वर्ग जास्त आहेत, पीठ किती घालू गं?" हा हिशेब रोज तिसुंगेच करून द्यायची.

"मला येत नाही, आई."

"चावटपणा पुरे."

"खरंच येत नाही."

दुसऱ्या दिवशी सैदी आजोबांनी तिला अंजिराखाली हाक मारली. "ये गं यंत्राची आई, आज हरवतो तुला." ती बसली. बिया मूठभर घेतल्या आणि कुठेही टाकल्या. आजोबा आधी हसले. दुसऱ्या चालीलाही तिने तसंच केलं तेव्हा त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाट बाजूला सारला. गुरुवारी वर्गात तिने फळ्यावरचं साधं गणितही तसंच सोडून दिलं. काचिंग्वे सर बाहेरून बघत होते. "काय काम करते पोर!" म्हणाले.

गुरुवारी दुपारी शाळेमागे मोठं पातेलं घासता घासता एनिफाने नवऱ्याला विचारलं, "तिसुंगेचे बाबा, शाळेत काय झालंय? ती अशी का वागते?"

लास्टननी सांगितलं.

"मंद म्हणालात?"

"पाहुण्यांना म्हणालो. तिला थोडंच."

"कोणत्या भाषेत?"

"इंग्रजीत."

"तिला इंग्रजी येतं."

"हो."

एनिफा राख लावून पातेलं घासत राहिली. मग म्हणाली, "आणि मीच तिला म्हटलं, डोकं झिजत नाही म्हणून."

शुक्रवारी सगळं गाव शाळेच्या मैदानावर लोटलं. गावप्रमुख खुर्चीवर, आम्ही चटयांवर, पोरं बाकांवर. मध्ये टेबल, त्यावर संगणक आणि समोर तिसुंगे, धुतलेल्या गणवेशात. कॅमेरा लावलेला. कॅरोलिनबाईंनी सुरुवातीलाच सांगितलं की या मुलीबद्दल सगळ्यांनी आशा सोडली होती, पण आम्ही सोडली नाही. लास्टन मास्तरांनी ते आमच्या भाषेत सांगितलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. ती कोण आणि काय आहे हे आम्हा प्रत्येकाला माहीत होतं, तरी वाजवल्या.

तिसुंगे मांडीवर हात ठेवून बसून होती.

"कर, बाळा," कॅरोलिनबाई म्हणाल्या.

ती हलली नाही. काचिंग्वे सरांनी घाम पुसला. लास्टन मास्तर वाकून आमच्या चिचेवा भाषेत हळूच म्हणाले, "पोरी, आता कर. आता चालतं."

"मला येत नाही, बाबा."

त्यात राग नव्हता, हट्ट नव्हता. लास्टन तिच्या चेहऱ्यावर कुठे नाटक दिसतंय का ते शोधत राहिले. ते दिसलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. ते सरळ झाले आणि कॅरोलिनबाईंकडे वळले.

"बाई," ते इंग्रजीत म्हणाले, "ही मुलगी मंद नाही. मी खोटं बोललो. या शाळेतल्या सगळ्या मुलांना हा धडा येतो. आम्ही त्यांना येत नाही असं दाखवायला शिकवतो, तुम्ही यावं म्हणून. हिला तर तुमच्या धड्याच्या पलीकडचं येतं. येत होतं." मग वळून हेच सगळं त्यांनी आमच्या भाषेत आम्हाला सांगितलं, जणू आम्हाला ते नवीन होतं.

"म्पोन्डा, खाली बस!" काचिंग्वे सर ओरडले.

टोबियस आ वासून बघत होता. कॅरोलिनबाईंनी कॅमेरा बंद करायची खूण केली. त्यांचा चेहरा उतरला, पण फार आश्चर्य काही दिसलं नाही.

"मला थोडी शंका होती," त्या म्हणाल्या. "दोन-तीन वर्षांपासून. पण घरी आम्हालाही काहीतरी दाखवावं लागतं हो." मग जरा थांबून म्हणाल्या, "मात्र आता ती जागा हिला देता येणार नाही. ती अगदी सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. मला खरंच वाईट वाटतं. लोकांना समजावून सांगाल?"

लास्टननी सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला. "तिला येतं, म्हणून तिला जागा नाही."

मागून, चुलीकडून, एनिफा आली. हातात पेजेचा पळा तसाच. ती पाहुण्यांकडे गेली नाही. काचिंग्वे सरांच्या समोर उभी राहिली.

"सर, पुढच्या वर्षी कोणाची पोर?"

"एनिफा, ही वेळ नाही."

"नाही, आत्ताच ठरवू. सगळे आहेत इथे. पुढच्या वर्षी कोणाच्या पोरीला मंद करायचं? कोणी देतंय का आपली?" ती आमच्याकडे वळली. "हात वर करा ना! टाळ्यांना तर सगळ्यांचे हात मोकळे होते."

"पेज बंद पडेल!" सर कळवळून म्हणाले, आणि खरं सांगायचं तर त्यांचाही जीव पोरांसाठीच तुटत होता. "लहान पोरं उपाशी बसतील, ते चालेल तुला?"

"मका आपला आहे, शिजवणारी मी आहे. सोया नसेल तर पातळ करीन. पातळ पेज पिऊन पोरं जगतात, सर. हे असलं सोंग पिऊन माझी पोर हातची गेली, बघताय ना?"

कोणाचा हात वर गेला नाही. आम्ही चटईच्या काड्या उपसत बसलो. मग सैदी आजोबा काठी टेकत उठले, बाकाजवळ गेले आणि सातवीतल्या आपल्या नातीला म्हणाले, "चल, ऊठ. घरी चल." दुसऱ्या एका बाईने आपल्या मुलाला उठवलं. काचिंग्वे सर "बसा, बसा" म्हणत राहिले आणि बाकं रिकामी होत गेली. कोणी पाहुण्यांकडे पाहत नव्हतं, एकमेकांकडेही नाही.

लास्टन मास्तर लेकीच्या खुर्चीशी जमिनीवर बसले. मोठा माणूस असा पोरीच्या पायाशी बसलेला आमच्या गावात कोणी पाहिला नव्हता.

"चुकलं माझं, पोरी. घाबरलो मी. तिथे वर्गात सगळ्यांसमोर तुझा अपमान केला."

तिसुंगे खुर्चीतून जरा खाली वाकली. मग तिने अगदी हळू आवाजात, खरंच माहीत नसल्यासारखं विचारलं,

"बाबा, मी मंद नाही ना?"

"नाही गं, नाही! तुझ्याइतकी हुशार पोर या गावात झाली नाही."

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने मान वळवून बंद कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बापाकडे. हे खरं आहे, की हेही पाहुण्यांसाठीच आहे, ते तिला ओळखता येत नव्हतं.