काजळीच्या केसाला धक्का

चष्मेवाली सव्वीस वर्षं सासूवर डूख धरून होती, आणि सूड घ्यायची संधी तिला शेवटी मिळाली ती एका कागदी मांजरीमुळे.

चष्मेवाली हे तिचं दुकानातलं नाव. सकाळी नऊ ते दुपारी दोन ती चष्म्यांच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायची, फ्रेममध्ये बसवायची, गिऱ्हाइकाच्या कानामागे दांडी रुतत असली तर ती गरम करून वाकवून द्यायची. हजारो लोकांना तिनं दिसतं केलं होतं. घरी मात्र सासूच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे असे गेले होते, की जगातला कुठलाही चष्मा तिच्या कामाचा नव्हता. कडेकडेचं अंधुक दिसे आणि मधोमध काळा डाग.

सासू मूळची वाचणारी बाई. डोळे होते तोवर वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचून काढायची. ते सुख गेलं आणि तिनं त्याचा राग घरावर काढायला सुरुवात केली. चहा पाणचट, उशी कडक, पंखा एकतर फार जोरात नाहीतर फार हळू. शेवटी चष्मेवालीचा नवरा वाचनालयात गेला. पाणीखात्यात मीटर तपासण्यात त्याचा जन्म गेला होता, पुस्तकातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. हाताला लागलं ते पातळसं पुस्तक तो घेऊन आला. मुखपृष्ठावर काळी मांजर, मागे भिंतभर घड्याळं.

त्या मांजरीचं नाव काजळी. ती एका घड्याळजीच्या दुकानात राहते. आसपास दर पुस्तकात एक माणूस मरतो, तोही पहिल्या वीस पानांत, सभ्यपणे, रक्ताचा थेंब न सांडता. पोलीस गोंधळतात, घड्याळजी त्यांच्याहून जास्त गोंधळतो, आणि काजळी मात्र नेमकी पुराव्यावर जाऊन बसते. तिला हुसकावायला कुणी उठतं, तिच्या बुडाखाली तुटलेलं बटण सापडतं, आणि शेवटच्या चार पानांत सगळ्यांना समोर बसवून उलगडा होतो. मग घड्याळजी दुकान उघडतो, काजळी काउंटरवर झोपते, संपलं. एवढंच. पण माणसं त्यावर जीव टाकत. वाचनालयात नंबर लावावा लागे. कारण उघड आहे. त्या पुस्तकांत कितीही माणसं मरोत, काजळीच्या केसाला धक्का लागणार नाही, ही लेखकाची हमी होती. खऱ्या जगात अशी हमी आपल्याला कोण देतं?

सासू पहिल्या पुस्तकातच विरघळली. रोज साडेतीनला सुनेनं तिच्या पलंगाशी खुर्ची ओढायची आणि तासभर वाचायचं, हा नेम झाला. घरात शांतता आली. चहाला नावं ठेवणं बंद झालं. नवरा वाचन संपताना कपबशी घेऊन दारात यायचा आणि विचारायचा, "सापडला का खुनी?" सगळे खूश होते. फक्त चष्मेवालीच्या जिवाची लाही लाही होत होती.

कारण तिची स्वतःची एक मांजर होती. भुरी. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी दुकानाच्या पायरीवर भिजून बसलेलं पिल्लू तिनं ओच्यात घालून आणलं, आणि त्या घरात तिचं म्हणावं असं तेवढं एकच होतं. पुढे दुकानाच्या मालकानं तिची हुशारी ओळखली. पंधरा दिवसांच्या शिकवणीला तिला दुसऱ्या शहरात पाठवलं. तिथून परत आली तर भुरी नाही. नवरा खाली बघत म्हणाला, "तू गेल्यावर दोन दिवस दारात बसून होती. मग तुला शोधायला गेली असणार."

या वाक्यानं तिच्या काळजाला घरं पडली. आठ दिवस दोघांनी स्कूटरवरून गल्ल्या पालथ्या घातल्या. खांबाखांबावर कागद चिकटवले. नवऱ्यानं खळ स्वतः शिजवली होती. भुरी सापडली नाही. महिन्याभरानं शेजारची शिवणकामवाली हळूच म्हणाली, "तुझ्या सासूला मी परसात गोणी धरलेली पाहिली होती. आत काहीतरी वळवळत होतं." चष्मेवालीनं सासूला विचारलं. "मला काय ठाऊक तुझ्या मांजरीचं," म्हणून सासूनं विषयावर पडदा टाकला. नवरा म्हणाला, "आईच्या तोंडी लागू नकोस, घरात उगाच तमाशा नको." ती मूग गिळून बसली.

दुकानात दुसरी, सहा महिन्यांची शिकवणी तिच्यासाठी ठरली होती. ती पार पडली असती तर पुढच्या खोलीत, अक्षरांच्या पाटीसमोर बसून तिनं डोळे तपासले असते. तिनं नाव काढून घेतलं. पंधरा दिवसांत एक जीव गेला, सहा महिन्यांत आणखी काय जाईल, असं तिच्या मनानं घेतलं. तेव्हापासून सव्वीस वर्षं ती मागच्याच खोलीत आहे. पुढच्या खोलीत तिच्यामागून आलेल्या तीन जणी बसून गेल्या.

आणि आता तीच सासू उशीला टेकून म्हणायची, "गुणाची गं बाई काजळी."

बाराव्या पुस्तकात घड्याळजी एका गडबडीत काजळीला दूध द्यायला विसरतो. सासूनं हात उंचावून वाचन थांबवलं. तिचा आवाज कापत होता. "मुक्या जिवाशी असं वागतात का? याला काही काळीज आहे की नाही?"

चष्मेवालीनं पुस्तकावरून मान वर केली आणि त्या सुरकुतल्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्या चेहऱ्यावर खरंखुरं दुःख होतं. कागदावरच्या मांजरीच्या वाटीभर दुधासाठी. त्या क्षणी तिनं ठरवलं, हिच्या तोंडून कबुली काढायची, आणि रडवून काढायची.

दुसऱ्या दिवशी ती खुर्चीत बसली, पुस्तक उघडलं आणि त्यात नसलेलं वाचू लागली. "त्या संध्याकाळी काजळी दुकानात परतली नाही. घड्याळजीनं शटर अर्धं ओढलं आणि रस्त्याच्या टोकापर्यंत हाका मारत गेला."

सासू उठून बसली. "म्हणजे?"

"म्हणजे हरवली."

"अशी कशी हरवेल? नीट बघितलं का त्यानं? माळ्यावर बघ म्हणावं."

"माळ्यावर पण नाही," चष्मेवाली म्हणाली, आणि पुस्तक मिटलं. "आता उद्या."

सासूला रात्रीचं जेवण गेलं नाही. चष्मेवाली मात्र दोन घास जास्त जेवली. खोटं कशाला बोला, तिला मजा येत होती. दुसऱ्या दिवशी तिनं घड्याळजीला खांबाखांबावर कागद चिकटवायला लावले, आणि एका शेजाऱ्याकडून त्याला ऐकवलं की तू चार दिवस गावाला गेलास म्हणून ती तुला शोधायला गेली. सासूनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं. तिचा जीव टांगणीला लागलेला बघून चष्मेवालीनं आवाज आणखी सावकाश केला. तिसऱ्या दिवशी तिनं एक साक्षीदार आणली. शिवणकाम करणारी बाई. तिनं परसात एका म्हातारीला गोणी धरून उभं असलेलं पाहिलं होतं.

पंखा फिरत राहिला. बाहेरच्या खोलीत झोपलेल्या नवऱ्यानं कूस बदलली तशी त्याची खाट करकरली. सासू एवढी गप्प होती, की चष्मेवालीला वाटलं, आता रडेल.

"थांब," सासू म्हणाली. तिचा आवाज साफ कोरडा होता. "तीन दिवस झाले, तू पान उलटलेलं नाहीस."

चष्मेवालीचा हात होता तिथेच राहिला.

"मला दिसत नाही, ऐकू येतं. आणि बारा पुस्तकं ऐकलीत मी. त्या लेखकाची काजळीला हात लावायची छाती नाही. माणसं मारतो बिनदिक्कत, पण तिचं एक वेळचं दूध चुकलं तर दोन पानं हळहळतो. हे तुझं आहे. उरलीत किती पानं खरी?"

"चार."

"मग ती वाच."

"आधी भुरीचं सांगा."

सासूनं उशी पाठीमागे सारखी केली. "काय सांगायचंय त्यात? गोणीचं तोंड मी धरलं होतं. केस पडायचे सगळीकडे, माझ्या अंथरुणात, भांड्यांत. मला नकोच होती ती. झालं? वाच आता."

सव्वीस वर्षं चष्मेवालीनं हा क्षण मनात रंगवला होता. त्यात सासू हात जोडायची, कधी पाय धरायची, कधी नुसती ढसाढसा रडायची. इथे तिनं मीठ संपलंय म्हणून सांगावं तसं सांगितलं. चष्मेवालीला तिचा गळा धरावासा वाटला. तो धरता येत नव्हता म्हणून तिनं पुस्तक घट्ट धरलं.

"मी नाही वाचणार," ती म्हणाली. "या जन्मी तुम्हाला शेवट कळू देणार नाही. वाचनालयातून पुढची पुस्तकंही येतील, मी शेवटची चार पानं सोडून सगळं वाचीन."

हा घाव मात्र वर्मी बसला. सासूची बोटं चादरीवर चाचपडू लागली. मग ती म्हणाली, "तुझ्या गोष्टीत एक खोट आहे. सांगू? सांगितलं तर वाचशील?"

"कसली खोट?"

"तुझी म्हातारी एकटीच आहे. गोणीत घातल्यानं मांजर जात नाही, सूनबाई. कुणाला तरी लांब नेऊन सोडावी लागते, नाहीतर संध्याकाळी दारात हजर. मला सायकल तरी येत होती का? एवढी पुस्तकं वाचलीस मोठ्यानं, हे विचारलंस कधी स्वतःला?"

चष्मेवालीनं विचारलं नव्हतं. घरात स्कूटर एकच होती.

"ते आठ दिवस माझ्याबरोबर शोधत होते," ती म्हणाली.

"होता ना. कुठे शोधलंत?"

"नदीच्या बाजूला. नवी वस्ती, शाळेमागचा भाग, पुलापर्यंत."

"आणि सोडली होती रेल्वे फाटकापलीकडे, धान्याच्या गोदामाशी. उंदीर भरपूर आहेत, मरणार नाही, म्हणाला. आठ दिवस तुला उलट्या दिशेला फिरवली त्यानं."

चष्मेवालीला ती खळ आठवली. गॅसजवळ उभं राहून, गुठळी होऊ नये म्हणून तो किती मन लावून ढवळत होता.

"का?" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"तुझी सहा महिन्यांची शिकवणी. बायको सहा महिने घरात नाही, मग येऊन खुर्चीत बसणार, चार लोक बाई बाई करणार. ते त्याला नको होतं. तोंडावर नको म्हणायची धमक नव्हती. मांजर गेली की आपोआप बसेल घरी, म्हणाला. बसलीस तू." सासूनं सुस्कारा सोडला. "मी केसांसाठी केलं. ते तरी बरं म्हणायचं. आता वाच."

पोटच्या पोराला तिनं चार पानांत विकलं होतं, आणि भाव कमी झाला असं तिला वाटत नव्हतं.

"उद्या," चष्मेवाली म्हणाली.

ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. सव्वीस वर्षं. सासूवर धरलेला राग किती आयता होता, किती सोयीचा होता, आणि त्याची सोय कुणी करून ठेवली होती. तोंडी लागू नकोस म्हणे. ती रडली नाही. रडायला वेळ होता, पण आधी कामाचं बघायचं होतं. रात्री तिनं नवऱ्याला रोजच्यासारखं वाढलं. भाजीत मीठ कमी आहे म्हणाला, तर मीठही आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला तिनं पलंगाशी दोन खुर्च्या मांडल्या आणि बाहेरच्या खोलीत जाऊन नवऱ्याला उठवलं.

"माझा घसा बसलाय. आज तुम्ही वाचा. खुनी सापडायचाय."

तो हसत आला. पंच्याला तोंड पुसलं, चष्मा लावला. तो चष्मा तिनंच बसवलेला होता, नंबर अगदी चोख. पुस्तक हातात घेऊन त्यानं खुणेचं पान उघडलं. "कुठून?"

"मांजरीला गोणीत घालून स्कूटरवर ठेवतात, तिथून."

त्यानं एक पान उलटलं, मग मागचं. ओळींवरून बोट फिरवलं. "असं काही नाही यात."

"यात नाहीच. तुम्हाला पाठ आहे. गोदामापर्यंत सांगा. मग आठ दिवस नदीकडे का फिरवलंत, ते सांगा. मग माझी शिकवणी. त्याच्यानंतर ती चार पानं वाचायची, आईंना शेवट ऐकायचाय. तोवर नाही."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळलं. त्यानं आईकडे पाहिलं. लहानपणापासून पाहत आला होता तसंच, आता ही मधे पडेल म्हणून. सासूचे डोळे त्याच्या खांद्यावरून भिंतीकडे लागलेले होते.

"आई," तो म्हणाला.

"सांग रे लवकर," सासू म्हणाली. "माझी काजळी खोळंबलीय."

त्यानं चष्मा काढला, परत लावला. दाराकडे बघून झालं, पुस्तकाकडे बघून झालं. दोन बायका त्याच्या दोन बाजूंना बसल्या होत्या आणि कुणालाच घाई नव्हती, म्हणजे एकीला होती, पण ती त्याच्या बाजूची नव्हती.

"गुरुवार होता," तो म्हणाला.

सव्वीस वर्षांनी त्याला वार आठवत होता. चष्मेवालीनं खुर्ची पुढे ओढली.

"मोठ्यानं," ती म्हणाली. "आणि काही गाळू नका."