ओलं पुडकं

“मामा, सोडा ना! आत बाई टेबलावर आहे,” असं म्हणत सिस्टरांनी पुडकं आपल्याकडे ओढलं. मामांनी ते धरूनच ठेवलं.

शस्त्रक्रियेची हत्यारं कापडात बांधून वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करायची, हे मामांचं काम. आतल्या बाईच्या पोटातल्या बाळाच्या डोक्यात पाणी साचत होतं. त्याला वाट करून द्यायला आईच्या पोटातून एक बारीक नळी घालायची होती. नळीबरोबर जंतू गेला, तर मायलेकरं दोघंही गोत्यात.

“ओलं लागतंय हो. ओल्या कापडातून जंतू शिरतात.”

सिस्टरांनी आवाज खाली आणला. “मामा, गोळी घेतलीत ना?”

एकोणीस वर्षं मामांच्या कानात एक जण मुक्कामाला होता. ‘घाण आहे, सगळं घाण आहे’ हे त्याचं तुणतुणं. तो खरा कोणी नाही, आपला आजार आहे, हे पटण्यातच मामांची निम्मी नोकरी गेली. गोळ्यांनी तो हळू बोलायचा, पण गाशा काही गुंडाळत नव्हता.

“घेतली, आठ वाजता. सिस्टर, तो सगळ्याच पुडक्यांना घाण म्हणतो. ओलं हे एकच लागतंय. माझ्यावर नका विसंबू, तुम्ही हात लावा.”

सिस्टरांनी कापडाच्या घडीत बोट घातलं. बोटाला ओल लागली. कपाटातला दुसरा संच निघाला. तो दोघांनीही चाचपून पाहिला. कोरडा होता.

दुपारी सिस्टर खाली यंत्राच्या खोलीत आल्या. नळी नीट बसली होती. पुढचं कळायला दिवस लागणार होते. त्यांच्या हातात ओल्या पुडक्याच्या अहवालाचा कागद होता.

“तुमच्या आजारपणामुळे झालं, असं लिहिते. वरचे कोणी तुम्हाला बोलणार नाहीत.”

मामांना ते लागलं.

“नको. त्याचा यात हात नाही. वाळायला वीस मिनिटं लागतात, मी चहाच्या घाईत बाराव्या मिनिटालाच यंत्राचं दार उघडलं. तळाचं ओलं राहिलं. चूक माझी आहे, सिस्टर. एवढी तरी माझी म्हणून राहू द्या.”

सिस्टरांनी तसं लिहिलं. मामांनी खाली सही केली.

मग त्यांनी यंत्र पुन्हा लावलं. चहा आला आणि निवून गेला. मामा स्टुलावर बसून घड्याळ बघत होते. कानातला सांगतच होता, घाण आहे, घाण आहे.

“असेल बाबा,” मामा म्हणाले. “अजून आठ मिनिटं आहेत.”