चाळीस मिनिटांचा सर्जन

रुग्णालयाला देणगीत नवं सोनोग्राफी यंत्र मिळालं आणि उद्घाटनासाठी एका निरोगी माणसाची गरज पडली. पेशंट हवे तेवढे होते, पण पाहुण्यांसमोर पेशंटचं पोट दाखवायचं म्हणजे काहीतरी निघणारच. म्हणून मुख्य डॉक्टरांनी सर्जरी विभागाच्या प्रमुखाला, एसेनकुलला, आडवं व्हायला सांगितलं. वय अठ्ठावन्न, दारू सणासुदीलाच, चेहरा कायम वरिष्ठांच्या बैठकीत बसल्यासारखा. त्यानं शर्ट वर केला. पडद्यावर त्याचं यकृत उमटलं, आणि यकृताच्या कडेला सफरचंदाएवढा काळाभोर गोल. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. चित्र खरोखरच स्वच्छ होतं.

तो गोल म्हणजे काय, हे त्या खोलीत त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. किर्गिझस्तानातल्या या नारिनच्या डोंगरात मेंढ्या आहेत, मेंढ्यांमागे कुत्री आहेत, आणि मेंढी कापली की तिचं रोगट काळीज कुत्र्यापुढे फेकायची रीत आहे. कुत्र्याच्या पोटातून जंताची अंडी त्याच्या केसांवर, केसांवरून माणसाच्या हातावर, हातावरून घासात. मग दहा वर्षं माणूस यकृतात पाण्याची गाठ वाढवत हिंडतो आणि त्याला पत्ताही नसतो. एसेनकुलनं अशा सातशे-आठशे गाठी काढल्या होत्या. हर्निया, अपेंडिक्स, पित्ताशयातले खडे, गळवं, घोड्यावरून पडलेले, लग्नात भोसकलेले, हे सगळं विभागात वाटून घेतलं जाई. पाण्याची गाठ मात्र त्याची एकट्याची. चाळीस मिनिटांत बाहेर. 'चाळीस मिनिटांचा सर्जन' याच नावानं तो तीन घाटांपलीकडे ओळखला जाई. टाके काढताना तो प्रत्येकाला कुत्र्याचं नाव विचारी आणि सांगी, याला आवर, नाहीतर परत येशील. बरेच जण परत येत. त्याअर्थी त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

त्यानं पोटावरचा चिकट लेप पुसला, शर्टाची बटणं लावली. आता काहीतरी वाटेल म्हणून थोडा वेळ थांबला. काही वाटलं नाही. तिकडे पाहुण्यांसाठी केलेलं मटण संपत आलं होतं, म्हणून तो तिकडे गेला.

बुरुल ही विभागातली दुसरी सर्जन, अकरा वर्षं त्याच्या हाताखालची. हात सावकाश. "पोरी, तू पोट शिवेपर्यंत पेशंट पेन्शनीत जाईल," असं तो तिला सगळ्यांदेखत ऐकवायचा. सोनोग्राफीचा फोटो त्यानं तिच्यासमोर ठेवला.

"आगाय, बिश्केकला जा," ती म्हणाली. विभागात सगळे त्याला आगायच म्हणत; शाळेतल्या मास्तरांना म्हणतात तसं.

"आठ तासांचा रस्ता. गाठ कडेला आहे, साल पातळ. एका खड्ड्यात फुटली तर गाडीतच आटोपेन."

"मग?"

"तू काढ."

"मी आजवर किती काढल्यात?"

त्यानं फोटो उचलून उजेडाकडे धरला.

"गॉज धरलंय," बुरुल म्हणाली. "अकरा वर्षं उत्तम गॉज धरलंय. धरायला बोलवा, येईन."

"मंगळवारी कालिचाची गाठ आहे. ती तू कर. मी गॉज धरतो."

"म्हणजे तुमच्यासाठी तिच्या पोटात हात बसवून घेऊ?"

"हो," तो म्हणाला. "अडलीस तर मी घेईन ना."

"तिला विचारा आधी."

कालिचा मेंढपाळीण, पन्नाशीची. पाच वर्षांपूर्वी एसेनकुलनंच तिची गाठ काढली होती.

"कुणीही करा," ती म्हणाली, "पण या वेळी पुन्हा यायला लावू नका."

"कुत्र्याला आवरलं असतंस तर..."

"कुठला कुत्रा? टाके काढून घरी गेले त्याच दिवशी नवऱ्यानं बोइनोकला गोळी घातली. तुम्हीच सांगितलंत ना? दोन हिवाळे लांडग्यांनी आमच्या मेंढ्यांवर मेजवान्या झोडल्या. सासू अजून माझ्याशी बोलत नाही."

"मग शेजाऱ्याचा असेल."

"शेजारी? आगाय, आमचा शेजारी घोड्यावरून अर्ध्या दिवसावर राहतो!"

एसेनकुलनं केसपेपरवर 'शेजाऱ्याचा कुत्रा' असं लिहिलं आणि खाली सही केली.

मंगळवारी सकाळी बुरुलनं जुन्या व्रणावरूनच पोट उघडलं आणि थांबली. यकृत स्वच्छ होतं. गाठी बाहेर होत्या; व्रणाच्या आतल्या बाजूला ओळीनं पाच, आणि आतड्यांवरच्या चरबीच्या पदरावर दोन मोठ्या. सोनोग्राफीत त्याच यकृतातल्या वाटल्या होत्या.

भूल देणाऱ्या जूमार्तनं पेशंटच्या डोक्याकडच्या पडद्यावरून मान काढली. "काय निघालं?"

"मागच्या वेळी पाणी जिथे जिथे सांडलं, तिथे तिथे रुजलंय," बुरुल म्हणाली.

जूमार्तनं केसपेपर वाचला होता. "शेजाऱ्याचा कुत्रा," तो मॉनिटरला म्हणाला आणि मान आत घेतली.

बुरुलनं प्रत्येक गाठीभोवती कडक मिठाच्या पाण्यात भिजवलेलं गॉज रचलं. सुईनं आतलं पाणी ओढलं, आत औषध सोडलं आणि घड्याळाकडे बघत उभी राहिली. आतले जंत मरायला दहा मिनिटं. पुस्तकात दहाच दिलीत. एसेनकुल तेवढा कधी थांबला नव्हता. चाळीस मिनिटं तिथेच तर जमत होती. मग अंड्याच्या पांढऱ्यासारखी साल तिनं अलगद उचलली. त्याच्या हातातल्या गॉजवर एक थेंब पडला नाही. तो कुठेच अडवायला गेला नाही, कारण ती कुठेच अडली नाही. परत आलेल्यांचे चेहरे आठवायचा त्यानं प्रयत्न केला. कुत्र्यांची नावं आठवली.

तीन तास दहा मिनिटं लागली. त्याचे पाय दुखले, एवढंच त्याला जाणवलं.

दोन दिवसांनी कालिचा उठून बसली. "आगाय, नवरा नवीन पिल्लू आणायचं म्हणतोय. मी नको म्हणाले."

"आण," एसेनकुल म्हणाला. "या वेळच्या गाठी कुत्र्यानं केल्या नव्हत्या. मी केल्या. मागच्या वेळी माझ्या हातून पाणी सांडलं होतं."

कालिचानं त्याच्याकडे नीट बघून घेतलं. "आणि आमच्या बोइनोकचं काय?" असं म्हणून तिनं भिंतीकडे तोंड केलं. तो दाराकडे वळला. कुणी थांब म्हणालं नाही.

बाहेर व्हरांड्यात बुरुल उभी होती. दार उघडंच होतं.

"तुमचं येत्या मंगळवारी घेते," ती म्हणाली. "पण त्याआधी जुने केसपेपर काढून द्या. सगळे. जे परत आले नाहीत त्यांनाही यंत्राखाली घालायचंय."

"ते माझं झाल्यावर बघू."

"आधी, आगाय. नंतरचं काही सांगता येत नाही."

त्यानं मान हलवली. बुरुलनं खिशातून कोरा केसपेपर काढला, भिंतीवर टेकवला आणि त्याचं नाव घातलं. ऑपरेशनच्या वेळेच्या रकान्यात 'सकाळी नऊ ते' एवढंच लिहिलं, पुढची जागा मोकळी सोडली आणि सहीसाठी पेन त्याच्या हातात दिलं.