वळणावर मागे घेतलेली बस

"कुणाला मोठी गाडी चालवता येते का?" गाईड मुलीने विचारलं, तेव्हा बसमधले एकतीस प्रवासी एकमेकांची तोंडं बघायला लागले.

क्रूझवाल्यांना या समुद्राकाठच्या छोट्या गावात एकच दिवस मिळाला होता. टेकडीवरचं दीपगृह पाहून सगळे बंदराकडे उतरत होते. साडेचारला शेवटची बोट जहाजाकडे निघणार होती आणि साडेतीन वाजून गेले होते. मूतखड्याच्या कळेने ड्रायव्हर स्टिअरिंगवर वाकला होता. गावातल्या दवाखान्याची एकुलती एक गाडी दुसरीकडे गेली होती.

तशा अवस्थेतही ड्रायव्हरने बस कडेला घेऊन हँडब्रेक ओढला होता, हे फक्त चौथ्या रांगेतल्या वहिनींच्या लक्षात आलं. त्यांनी सव्वीस वर्षं शहरात बस चालवली होती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती.

"वहिनी, गप बस हं. आपण फिरायला आलोय," शेजारची नणंद कुजबुजली.

"त्या माणसाचा चेहरा बघ जरा," म्हणत वहिनी उठल्या. "मी चालवते. परवाना आहे पर्समध्ये."

"बाई, घाट आहे हा," पुढच्या सीटवरचे टोपीवाले गृहस्थ म्हणाले.

"दिसतोय मला. तुम्ही चालवता का?"

गृहस्थ खिडकीबाहेर बघायला लागले.

ड्रायव्हरला पहिल्या सीटवर आडवं केलं. "ताई, दुसरा गिअर अडकतो," तो कण्हत म्हणाला. "जरा उचलून टाका."

वहिनींनी सीट पुढे ओढली, आरसा आपल्यापुरता वळवला आणि गाडी काढली. दोन वळणं छान गेली. तिसऱ्या वळणापुढे दगडांनी भरलेला ट्रक समोर आला. त्याच्यामागे चार मोटारी. ट्रकला मागे जाणं शक्य नव्हतं. बसच चढावर, वळणातून, रुंद जागेपर्यंत मागे घ्यायला हवी होती. डाव्या अंगाला कठडा नव्हता. खाली थेट समुद्र.

"ज्यांना उतरायचंय त्यांनी आत्ताच उतरा," वहिनी म्हणाल्या.

सहा जण उतरले. टोपीवाले सर्वांत आधी.

नणंद मात्र मागच्या काचेशी जाऊन उभी राहिली. "मी सांगते तुला."

"दोनच शब्द बोलायचे. ये आणि थांब."

"ये," नणंद म्हणाली. "ये. ये. थांब. ये." आयुष्यात पहिल्यांदाच ती इतक्या थोडक्यात बोलत होती.

वहिनी दोन्ही आरशांत बघत क्लच सोडत होत्या, बोटभर, आणखी बोटभर. डेपोत त्या बस मागे घेऊ लागल्या की पुरुष हातातला चहा ठेवून बघायला यायचे, चूक होईल या आशेने. सव्वीस वर्षांत ती चूक त्यांना बघायला मिळाली नव्हती. आज तशा आशेने बघणारं कुणीच नव्हतं.

बस वळणातून मागे सरली आणि रुंद जागेत अलगद उभी राहिली. ट्रक वीतभर अंतरावरून गेला. ट्रकवाल्याने खिडकीतून वाकून बघितलं, कोण चालवतंय ते पाहिलं आणि हात कपाळाला लावला.

उतरलेल्यांना घेऊन बस गावात शिरली. "आधी बंदर. बोट चुकेल," टोपीवाले म्हणाले.

"आधी दवाखाना," वहिनी म्हणाल्या, आणि गाईड मुलीने दाखवलेल्या रस्त्याला त्यांनी बस वळवली.

ड्रायव्हरला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा त्याने वहिनींचा हात धरला. "बरे व्हा," म्हणून त्यांनी तो सोडवला.

चार पंचविसाला बस धक्क्यावर उभी राहिली. टाळ्यांचा इतका गजर झाला की बोटीवरचे खलाशीही बघायला लागले. सगळे उतरेपर्यंत वहिनी सीटवरून उठल्या नाहीत.

बोटीत बसल्यावर वहिनींनी चपला काढून पाय लांब केले. नणंदेने त्यांची पर्स आपल्या मांडीवर घेतली.

"पाणी देऊ?"

"नको."

किनारा मागे पडत होता. टेकडीवरचा रस्ता आता दोऱ्याएवढा दिसत होता. दीपगृहापासून धक्क्यापर्यंत, एकेक वळण घेत, वहिनी तो डोळ्यांनी पुन्हा एकदा उतरल्या.